कुवेतहून आलेला एसएक्स-७५० आणि त्याच्या सप्लायची दुरुस्ती

माझ्या वडिलांनी १९७८ साली कुवेतहून आणलेला पायोनिअरचा एसएक्स-७५० हा स्टिरिओ रिसीव्हर, म्हणजे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेले यंत्र, यंदा मी पुण्यात दुरुस्त करून घेतला. ज्या कारागिरांनी तो दुरुस्त केला त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहायचे ठरवले, कारण जुन्या ध्वनियंत्राचा वीजपुरवठा, म्हणजे दुकानांतल्या भाषेत ‘सप्लाय’, दुरुस्त करणे हे नेमके काय काम असते आणि आपण पैसे कशाचे मोजतो, हे ग्राहकाला सहसा कोणी समजावून सांगत नाही. या कारागिरांनी ते सांगितले, लिहूनही दिले. बुधवार पेठेत तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराच्या मागच्या अंगाला, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर त्यांची खोली आहे. दारावर पाटी नाही, आणि हाती घेतलेलीच कामे उरकत नसल्यामुळे नाव किंवा फोन नंबर कुठे छापू नका, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे इथे मी त्यांना ‘काका’ एवढेच म्हणेन.

तक्रार काय होती ते आधी सांगते. गेल्या पावसाळ्यापासून रिसीव्हरमधून एक घरघर येऊ लागली होती. सुरुवातीला ती बारीक होती, पुढे बैठकीच्या खोलीत कोणी बोलत नसले की स्पष्ट ऐकू येई. बटण दाबल्यावर तीन-चार सेकंदांनी आतला रिले ‘कट्’ असा आवाज करून स्पीकर जोडतो, तो कधी कधी पाच-सात मिनिटे जोडतच नसे. पण खरा त्रास झाला तो एलपी ऐकताना. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असते आणि रेक्टिफायरमधून, म्हणजे एसी विजेची डीसी करणाऱ्या भागातून, गेल्यावर तिची जी लहर मागे उरते ती १०० हर्ट्झची होते. काळी एक पट्टीचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा धरला, तर तानपुऱ्यावरची मंद्र पंचमाची तार येते १०४ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या मागे तानपुरे सुरू झाले की माझ्या रिसीव्हरची घरघर पंचमाच्या किंचित खाली उभी राहायची, आणि उतरलेला तिसरा तानपुरा कोणीतरी लावून ठेवला आहे असे वाटायचे. पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्याला ही घरघर कदाचित दुर्लक्षिता येईल. ख्यालाच्या विलंबित भागात ती सहन होत नाही.

काकांकडे जाण्यापूर्वी मी आणखी एका ठिकाणी यंत्र दाखवले होते. तिथे झाकण न उघडताच मला सांगण्यात आले की जुना सप्लाय काढून टाकू आणि तयार एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय) बोर्ड बसवून देऊ, दोन दिवसांत काम होईल. भाव कमी होता, पण मी नाही म्हटले. एसएमपीएस हजारो हर्ट्झच्या वेगाने वीज तोडून जोडत असतो. त्याची गाळणी नीट नसेल तर तो गोंगाट मध्यम लहरींच्या रेडिओत शिरतो. शिवाय या रिसीव्हरला एकाच व्होल्टेजवर भागत नाही. पॉवर ॲम्प्लिफायरला धन आणि ऋण अशी जोडी लागते, फोनो (तबकडीच्या सुईचा संकेत घेणारा भाग) आणि टोनच्या भागाला वेगळे स्थिर व्होल्टेज लागते, ट्यूनरला, म्हणजे रेडिओच्या भागाला, आणखी वेगळे, दिव्यांना आणखी वेगळे. हे सगळे एका बाजारू बोर्डातून काढायचे म्हणजे यंत्राच्या मूळ रचनेवर पाणी सोडण्यासारखे झाले असते.

पहिल्या दिवशी काकांनी यंत्र विजेला जोडलेच नाही. माझा मुलगा आणि मी मिळून ते धूड जिना चढवून आणले होते, त्यामुळे लगेच चालू करून पाहतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी आधी मला प्रश्न विचारले. घरघर आवाजाची कळ फिरवल्यावर वाढते का, की कळ शून्यावर असतानाही तेवढीच राहते? ट्यूनरवर जास्त आहे की फोनोवर? यंत्र तापल्यावर कमी होते का? मी म्हटले, कळ फिरवली की वाढते आणि फोनोवर सर्वांत जास्त आहे. त्यावर ते म्हणाले, “ताई, मग मोठ्या कंडेन्सरांवर लगेच आळ घेऊ नका. कळीच्या अलीकडे कुठेतरी घाण शिरते आहे, म्हणून कळीबरोबर वाढते.” काका ज्यांना कंडेन्सर म्हणत होते ते मुख्य गाळणीचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून लहर गाळणारे भाग, वाळले असते तर घरघर थेट शेवटच्या टप्प्यात घुसली असती आणि आवाजाच्या कळीला जुमानली नसती. फोनोचा टप्पा सुईकडून आलेला संकेत साधारण शंभर पटींनी मोठा करतो, त्यामुळे त्याच्या सप्लायमधली बारीकशी लहरही तिथे राक्षसासारखी मोठी होऊन बाहेर पडते. झाकण न उघडता केवळ तीन प्रश्नांवर त्यांनी दोष अर्ध्या यंत्रातून एका बोर्डापर्यंत आणून ठेवला होता, आणि पुढे तो तिथेच निघाला.

झाकण उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा मोठ्या कपॅसिटरमधला साठा रिकामा केला, तोही स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडून नव्हे, तर लांब दांड्याला बांधलेला एक वायरवाउंड रेझिस्टर टेकवून, मीटरवरचा आकडा शून्याजवळ येईपर्यंत थांबून. मग फ्यूज पाहिला. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसवलेली होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी एकदा हे यंत्र बंद पडले होते आणि एका दुकानातून तासाभरात चालू होऊन आले होते, त्या जलद कामाचे रहस्य त्या दिवशी कळले. इतकी वर्षे आमच्या घरात हे यंत्र कोणत्याही संरक्षणाविना चालू होते, आणि त्याच्या शेजारी माझी मुले गृहपाठ करत बसत होती. हे पाहून माझ्या अंगावर काटा आला. काकांनी शेरा मारला नाही. फ्यूजधारकाजवळ छापलेली मूळ क्षमता वाचली आणि तेवढाच नवा काचेचा फ्यूज बसवला.

त्यानंतर यंत्र सिरीज बोर्डवर लावले. शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब यंत्राच्या वाटेत एकसर जोडलेला असतो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटतो आणि सगळा ताण स्वतःवर घेतो, आत सर्व ठीक असेल तर क्षणभर उजळून जवळजवळ विझतो. आमचा बल्ब उजळला, मंदावला, आणि जवळजवळ विझण्याऐवजी चांगलाच लालसर राहिला. एवढ्यावर समाधान न मानता त्यांनी डिमरस्टॅटवरून, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून, व्होल्टेज हळूहळू चढवत प्रत्येक पायरीला आकडे टिपले.

या काळातल्या रिसीव्हरांबद्दल इथे थोडे सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत १९७४ साली ॲम्प्लिफायरच्या वॅटचे आकडे कसे मोजून जाहीर करायचे याचा नियम लागू झाला. त्यात यंत्र आधी एक तास जाहीर शक्तीच्या एक तृतीयांशावर चालवून तापवायचे आणि मग दोन्ही चॅनल एकत्र चालवून मोजायचे, अशी अट होती. फुगवलेले आकडे छापण्याची सोय गेली आणि पायोनिअर, सॅन्सुई, मरॅन्ट्झ, केनवुड यांच्यातली चढाओढ खऱ्या वॅटवर आली. खरे वॅट म्हणजे जाड ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, उष्णता बाहेर टाकणारे रुंद हीट सिंक. पायोनिअरच्या या मालिकेत १५ वॅटच्या एसएक्स-४५० पासून १६० वॅटच्या एसएक्स-१२५० पर्यंतची यंत्रे होती, आणि आमचा ७५० हा त्यांतला मधला, प्रत्येक चॅनलला ५० वॅटचा. आठ ओहमच्या स्पीकरवर ५० वॅट द्यायचे तर स्पीकरच्या टोकांवर २० व्होल्ट लागतात, म्हणजे लहरीच्या शिखरावर २८ व्होल्टांहून थोडे अधिक, आणि सप्लायचे धन-ऋण व्होल्टेज त्याच्याही पुरेसे वर असावे लागते. एवढा सगळा बोजा पेलणारा ट्रान्सफॉर्मर सत्तेचाळीस वर्षांनंतरही निर्दोष निघाला. मुख्य कपॅसिटरही मोजणीत छापील क्षमतेच्या जवळच होते. ज्यांनी हे यंत्र बांधले त्यांनी ते मन लावून बांधले होते, हे उघड्या यंत्राकडे पाहताना मला पदोपदी जाणवत होते.

दोष होता तो स्थिर व्होल्टेज देणाऱ्या छोट्या बोर्डावर, आणि त्याचे अर्धे कारण यंत्राच्या मागच्या बाजूला होते. निर्यातीसाठी बनलेल्या या यंत्रांना व्होल्टेज निवडण्याचा सिलेक्टर असतो. कुवेतमध्ये घरगुती वीज २४० व्होल्टची, त्यामुळे वडिलांनी आणले तेव्हा तो २४० वर असणार. त्या जलद दुरुस्तीत, किंवा नंतर केव्हातरी, तो कोणी २२० वर फिरवला होता. आमच्या सोसायटीत रात्री दहानंतर मीटरवर २४० च्या वर आकडा जातो. आता २२० साठी लावलेल्या ट्रान्सफॉर्मरला २४० मिळाले की आतले प्रत्येक व्होल्टेज नऊ टक्क्यांनी वाढते. नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण रेग्युलेटरच्या ट्रान्झिस्टरचे काम असते वरचे जादा व्होल्टेज स्वतः खाऊन खाली ठरलेले व्होल्टेज देणे. समजा त्याच्याकडे २२ व्होल्ट येतात आणि तो पुढे १३ देतो, तर ९ व्होल्ट तो उष्णतेच्या रूपाने पचवतो. येणारे २२ चे २४ झाले, तर त्याला ११ पचवावे लागतात. वीज वाढली नऊ टक्के, पण त्या ट्रान्झिस्टरची भट्टी एक पंचमांशाहून अधिक तापली, आणि ती तशी रोज, वर्षानुवर्षे तापत राहिली. बोर्डाचा तेवढा भाग करपलेल्या भाकरीसारखा काळा-तपकिरी झालेला काकांनी मला भिंगातून दाखवला. ट्रान्झिस्टरच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर पडली होती. थंड असताना ती चीर उघडी राहायची आणि तापल्यावर मिटायची. रिलेने पाच-सात मिनिटे वाट पाहायला लावण्याचे कारण ते होते.

दुसरी गोष्ट मी विसरणार नाही. त्या काळी कपॅसिटर हलू नयेत म्हणून कारखान्यांत बोर्डावर एक पिवळसर डिंक लावत असत. जपानी यंत्रांमध्ये तो अनेक ठिकाणी आढळतो. ताजा असताना तो निरुपद्रवी असतो, पण उष्णतेने वर्षानुवर्षे भाजला की तपकिरी, ठिसूळ होतो, ओल धरतो, थोडीफार वीज वाहू लागतो आणि शेजारच्या तांब्याला खातो. काकांनी चिमट्याने एका झेनर डायोडला नुसते स्पर्श केले, तर त्याचा एक पाय हिरवट भुकटी होऊन गळून पडला आणि डायोड चिमट्यातच राहिला. हा झेनर म्हणजे सगळ्या स्थिर व्होल्टेजचा मानदंड. त्याच्यावरूनच बोर्ड ठरवतो की किती व्होल्ट पुढे द्यायचे. तो मानदंडच अधांतरी लोंबकळत होता, मग फोनोला शुद्ध वीज मिळणार कुठून? तो डिंक त्यांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, मऊ करून, बांबूच्या काडीने खरवडून काढला. त्यासाठी लोखंडी टोक वापरले नाही, कारण करपलेल्या बोर्डावरची तांब्याची पट्टी कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून येते. या एका कामाला दीड दिवस गेला, आणि माझ्या मते दुरुस्तीच्या मजुरीतला सर्वांत योग्य खर्च तोच होता.

बसवलेल्या भागांची निवडही मला पटली. छोटे कपॅसिटर मूळ ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे होते, त्याजागी १०५ अंशांचे आले. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी उतरले की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, या हिशोबाने तेवढ्याच तासांची हमी असलेला १०५ अंशांचा कपॅसिटर त्याच जागी चौपट टिकावा. भाग त्यांनी अधिकृत वितरकाकडून मागवले, कारण गल्लीत नामांकित जपानी छाप असलेले कपॅसिटर स्वस्तात मिळतात खरे, पण त्यातले किती अस्सल हे वेष्टनावरून ओळखता येत नाही. ते एखादा नकली नमुना चिरून दाखवतात. मोठ्या डबीच्या आत छोटा कपॅसिटर बसवलेला मी स्वतः पाहिला. रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर बदलताना खालची अभ्रकाची चकती आणि पांढरा लेप नवा घातला, आणि ट्रान्झिस्टर बोर्डापासून थोडा उचलून बसवला, म्हणजे खालून हवा खेळेल. पॉवर बटणावर ठिणगी दाबण्यासाठी असलेला जुना कपॅसिटर काढून मेन्सवर वापरण्यासाठीच बनवलेला एक्स-२ वर्गाचा घातला, कारण तिथे साधा कपॅसिटर फुटला तर आग लागू शकते.

माझी इच्छा होती की एवढे उघडलेच आहे तर यंत्रातले सगळे कपॅसिटर बदलून टाकावेत. मी तसे म्हटलेही, पैसे देण्याची तयारी दाखवली. काकांनी नकार दिला. मुख्य कपॅसिटर त्यांनी माझ्यासमोर मोजले होते, ते ठीक होते, मग बदलायचे कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. हल्ली त्याच आकारात दुप्पट क्षमतेचे मिळतात आणि लोक हौसेने बसवतात. पण गाळणी जितकी मोठी तितका चालू करतानाचा झटका मोठा, आणि तो झटका जुन्या बटणाने आणि जुन्या डायोडांनी सोसायचा असतो. “ट्यूनरमध्ये हात घातला तर जुळणी हलेल, ताई. जिथे मोजून दोष दिसत नाही तिथे मी सोल्डरिंग लावत नाही,” असे ते म्हणाले. सगळे बदलून जास्त बिल करणे त्यांना सहज शक्य होते. या एका नकारासाठी मी त्यांच्याकडे पुन्हा जाईन.

यंत्र परत घेताना त्यांनी आठ ओहमचे दोन मोठे वायरवाउंड रेझिस्टर स्पीकरऐवजी लावून ते तासभर चालवून दाखवले आणि वहीच्या एका पानावर आकडे लिहून दिले. फोनोच्या सप्लायवरची लहर आधी १८० मिलीव्होल्ट होती, आता दोनपेक्षा कमी. स्पीकरच्या टोकांवरचा नको असलेला डीसी डावीकडे १४ आणि उजवीकडे २१ मिलीव्होल्ट, म्हणजे चालण्यासारख्या ५० च्या पुष्कळ आत. सिरीजवरचा बल्ब आता उजळून जवळजवळ विझत होता. काढलेले सगळे भाग श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात घालून, प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी चिकटवून, माझ्या हातात दिले. त्यात तो एका पायाचा झेनरही होता.

तक्रारी आहेत, आणि त्या लिहिल्या पाहिजेत. तीन आठवड्यांची मुदत दिली होती, प्रत्यक्षात सात आठवडे लागले. मधल्या काळात त्यांचा एकही फोन आला नाही, आणि आपण केला तर सकाळी अकराच्या आधी उचलला जात नाही. डायलचे गेलेले दिवे बदलताना त्यांनी मला न विचारता एलईडी बसवले, आणि त्यामुळे डायलचा मूळ उबदार रंग थोडा फिका, निळसर झाला. मी नापसंती सांगितल्यावर त्यांनी आत पिवळसर पारदर्शक कागद लावून दिला. आता ते चालण्यासारखे आहे, पण आधी विचारायला हवे होते. पावती हाताने लिहिलेली मिळाली, आणि तीन महिन्यांची हमी तोंडी आहे. घरी येऊन काम ते करत नाहीत, आणि जिना इतका अरुंद आहे की वयस्कर माणसाने एकट्याने यंत्र घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

एकूण खर्च ६,८०० रुपये झाला, त्यातले २,६०० भागांचे आणि बाकी मजुरी. एसएमपीएस बोर्डाचा भाव याच्या निम्म्यापेक्षा कमी होता. ज्यांना फक्त बातम्या आणि गाणी ऐकायची आहेत आणि यंत्राशी काही नाते नाही, त्यांना ही रक्कम जास्त वाटेल, आणि त्यांच्या दृष्टीने ती जास्त असेलही. मला ती वाजवी वाटली, कारण सात आठवड्यांच्या कामातला मोठा भाग मोजण्यात आणि साफ करण्यात गेला होता, आणि तो तसाच जायला हवा होता.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री मी १०१ मेगाहर्ट्झवर विविध भारती लावली. रिले तिसऱ्या सेकंदाला लागला. मग भीमसेन जोशींची एलपी लावली आणि गाणे सुरू होण्यापूर्वी सुई खोबणीत उतरतानाच्या त्या दोन-तीन सेकंदांत आवाज नेहमीपेक्षा वर केला. खरखर होती, ती तबकडीची. त्याखाली काही नव्हते. तानपुरे सुरू झाले तेव्हा पंचम एकटा, स्वच्छ ऐकू आला, आणि आई आतल्या खोलीतून येऊन काही न बोलता खुर्चीत बसली.

ज्यांच्याकडे आखाती देशांतून आलेली अशी यंत्रे आहेत, आणि रत्नागिरीपासून पुण्यापर्यंत ती पुष्कळ घरांत झाकून ठेवलेली आहेत, त्यांनी यंत्र चालू करण्यापूर्वी मागचा सिलेक्टर पाहावा आणि फ्यूजधारकात खरोखर फ्यूज आहे ना हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. आमच्या यंत्राच्या सिलेक्टरवर काकांनी पारदर्शक पट्टी चिकटवली आहे आणि तिच्याखाली निळ्या शाईत लिहिले आहे: ‘२४० वरच ठेवणे.’